माफीची मिठाई

कुवाबाराने बेलकडे बोट नेलं आणि पुन्हा खाली घेतलं. दुसऱ्या हातात मिठाईचा डबा होता, जांभळ्या फडक्यात नीट बांधलेला. वरच्या मजल्यावरच्या त्या दारावर नावाची पाटी नव्हती. बाहेरच्या दांडीवर पुरुषाचे दोन शर्ट होते, पण ते थंडीने गोठून फळीसारखे ताठ झाले होते. कितीतरी दिवस कोणी ते काढले नसावेत. घरात पुरुष आहे असं परक्यांना दाखवण्यासाठी एकटी बाई टांगते तसे शर्ट. हे त्याला पाहताक्षणी कळलं आणि कळल्याचीच लाज वाटली.

दाराआड तोमोए होती. तिचं उजवं मनगट त्याच्यामुळे मोडलं होतं.

गेल्या वसंतात एक नम्र माणूस त्याच्या खासगी गुप्तहेर कचेरीत आला होता. बायको मनाने खचून घर सोडून गेली, जिवाचं काही बरंवाईट करून घेईल, असं सांगताना त्याचे डोळे भरून आले. शोधून दिलेल्या माणसाला इजा करणार नाही, अशी हमी गिऱ्हाइकाकडून घ्यावी लागते. कुवाबाराने त्या हमीपत्रावर त्याचा शिक्का घेतला. पुढे तोमोएच्या जुन्या शेजारणीने त्याला दबक्या आवाजात सांगितलं की नवरा तिला मारतो. तिथेच काम सोडायचं, असा कायदा आहे. कुवाबाराने पत्ता शोधला आणि दिला.

"तुमच्यासारखा शोधणारा दुसरा नाही," जाताना तो माणूस म्हणाला होता. कुवाबाराला ते ऐकून बरं वाटलं होतं.

पुढचं, नवऱ्याने तिथे जाऊन तिचं मनगट मोडल्याचं, वर्तमानपत्रात आलं. गुप्तहेरांच्या धंद्यावर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाने कुवाबाराला सुनावणीला बोलावलं. तो उठून उभा राहिला, वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला. सहा महिने धंदा बंद. तसा आदेश त्याच्या कचेरीच्या दारावर चिकटवला गेला. नवऱ्याची शिक्षा स्थगित झाली. तोमोएच्या जवळ जायची त्याला मनाई होती, पण आता ती कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. यावेळी तिने माग लागेल असं मागे काही ठेवलं नव्हतं.

"अहो, आयोगाने धंदा बंद केलाय, झोप नाही," बायको सुमिए म्हणायची. "काल रात्री तुम्ही उशीला वाकून नमस्कार करत होतात. उशीने माफ केलं का?"

तो हसायचा नाही.

मग एक फोन आला. म्हाताऱ्याचा आवाज, खोकत, मध्ये मध्ये दम घेत. "मी तोमोएचा काका. आयोगापुढे मान खाली घातलीत म्हणे. आणि तिच्यापुढे? तिथे कधी घालणार?"

"ती कुठे असते?" कुवाबाराने विचारलं.

"ते शोधणं तुमचं काम ना?" म्हाताऱ्याने फोन ठेवला.

बंदीच्या काळात कोणाचा माग काढणं हा आणखी एक गुन्हा होता. तरी त्याने तो केला. तोमोएला माहेरच्या गावच्या मिसोवाचून, त्या आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यावाचून, जेवण जात नाही, हे त्याला जुन्या तपासातून ठाऊक होतं. तिथल्या मिसोच्या दुकानातली बाई गप्पिष्ट होती. डोंगरापलीकडच्या एका लहान गावाला ती आता दर महिन्याला मिसो पाठवत होती. एवढं त्याला पुरलं. सुमिएला त्याने काही सांगितलं नाही. डबा घेतला, गाडीत बसला, मध्ये गाडी बदलली. वाटभर तो माफीचे शब्द पुटपुटत होता. ते कधी फार लांब वाटत, कधी फार कमी. बर्फ पडायला लागल्याचंही त्याला उतरल्यावरच कळलं.

त्याने बेल दाबली.

दार साखळीपुरतं उघडलं. फटीत एक डोळा दिसला.

"मी कुवाबारा. तो गुप्तहेर..."

दार मिटू लागलं. तो घाईने वाकला. "माफी मागायला आलोय, बाई. दुसरं काही नाही. हे इथेच ठेवतो आणि जातो."

दार थांबलं. "हे घर कसं सापडलं?"

"मिसोवरून." त्याने मान वर केली नाही. "मी कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही. तुमच्या काकांनाही नाही."

"कुठले काका?"

"त्यांनीच फोन केला होता. म्हणाले, तिच्यापुढे मान खाली कधी घालणार."

साखळी खुळखुळली. "मला काका नाहीत."

कुवाबारा वाकलेलाच राहिला. डबा हातात जड झाला.

"म्हातारा आवाज होता?" तिने अगदी हळू विचारलं. "खोकणारा? मध्ये मध्ये दम घेणारा?"

"हो."

"तो तसा आवाज काढतो. लग्नाआधी मला हसवायला काढायचा."

वाऱ्याने शर्ट दांडीवर खडखडले. तिने विचारलं, "तुमच्या मागे कोण होतं?"

कचेरीतल्या नव्या पोरांना कुवाबारा पहिल्याच दिवशी शिकवायचा, पाठलाग करणाऱ्याने मागे बघायचं नसतं, नजर पुढच्या माणसाच्या पाठीवर ठेवायची. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या पाठी पाहिल्या होत्या. आपल्यालाही पाठ आहे, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"दार लावा," तो म्हणाला. "पोलिसांना फोन करा. आत्ता."

दार बंद झालं. आत कडी पडली, मग दुसरी.

कुवाबाराने वळून मागे पाहिलं. खाली जिन्यापाशी कोणीतरी बुटांवरचा बर्फ झटकत होतं, सावकाश, घरी परतलेल्या माणसासारखं.