म्हातारीचं ॲव्हरेज

डेल्मरच्या जुन्या पिकअपचा पेट्रोलचा काटा कधीच बंद पडला होता; तो मैल मोजून टाकी भरायचा. पूर्वी कॅफेत त्याचा मित्र गस त्या गाडीला 'बेवडी' म्हणायचा. हल्ली मात्र डेल्मरच छाती फुगवायचा, "माझ्या म्हातारीचं ॲव्हरेज बघा!"

"पेट्रोल पिते की वारा खाते रे?" गस विचारायचा.

डेल्मरची बायको ओपल नुसती हसायची.

आठवडाभर ओपल तापाने अंथरुणात होती. आज सकाळी तिला श्वास घेता येईना, तेव्हा डेल्मरने तिला रजईत गुंडाळून पिकअपमध्ये बसवलं. हॉस्पिटल मॉन्टानाच्या माळापलीकडे. वाटेतला एकुलता एक पंप त्याने मागे टाकला. "कशाला थांबायचं? अजून अर्धी टाकी असेल."

पुढे बर्फाळ माळावर गाडीने आचके दिले आणि ती थांबली. मागेपुढे कोणी नाही.

"असं कसं झालं गं? हिने कधी दगा दिला नाही!"



ओपलने कसाबसा श्वास ओढला. "तुला हसायचे ना सगळे... दुपारी तू डुलकी काढायचास, तेव्हा मी रोज कॅनभर पेट्रोल ओतायचे. या आठवड्यात मला उठताच आलं नाही रे."