तांदळाची गोल पिशवी

पडद्याच्या आत बाळ रडत होतं आणि पडद्याच्या बाहेर शिंपी मशीनवर नुसता बसून होता. पाय पायडलवर होता, पण चालत नव्हता.

सकाळी नर्स येऊन त्याच्या लेकीला तपासून गेली होती. डाव्या बाजूला दूध साकळून छाती दगडासारखी घट्ट झाली होती. "दर वेळी पाजायच्या आधी शेक द्या. संध्याकाळपर्यंत गाठ सुटली नाही तर दवाखान्यात न्यावं लागेल, चीर द्यावी लागेल," असं ती दारातून त्यालाच सांगून गेली. घरात दुसरं होतं कोण?

"बाबा," आतून लेक म्हणाली, "फडकं दोन मिनिटांत गार होतंय. टोकाला भेगाही पडल्यात. मला नाही होत आता. बाटली आणा." मग हळूच म्हणाली, "आई असती तर तिला कळलं असतं."

चाळीस वर्षं शिंप्याने बायकांचे ब्लाउज शिवले होते. माप घेताना नजर टेपवर, ती कधी इकडची तिकडे झाली नाही. पण पोटच्या पोरीशी या विषयावर काय बोलायचं, ते त्याला सुचेना. तोंडाने जमत नाही ते हाताने करावं, म्हणून तो उठला.

जुनी सुती चादर काढली. शेकाची पिशवी तव्यावर तापवायची होती, नायलॉनचं कापड वितळलं असतं. दोन गोल कापले, मधोमध बाटलीच्या झाकणाएवढं भोक ठेवलं. तांदूळ भरले, ते एकीकडे घसरू नयेत म्हणून कप्पे पाडले आणि बाहेरच्या कडेला सवयीने दुहेरी टीप मारली. त्याच्या शिवणीला नाव ठेवणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं होतं. मंद आचेवर पिशवी शेकली, मनगटाच्या आतल्या बाजूला धरून पाहिली, थांबला, पुन्हा पाहिली. मग पडद्याच्या फटीतून हात आत केला.

"पाजायच्या आधी लाव. भोक बरोबर मधे येऊ दे." एवढं बोलतानाच त्याचे कान तापले.

समोर अर्धवट शिवलेली बाही होती, ती त्याने दोनदा उलटी लावली. पिशवी तीनदा बाहेर आली, तीनदा गरम होऊन आत गेली. बाळ रडतच होतं. चौथ्या वेळी रडणं एकदम थांबलं आणि घटाघट गिळण्याचा आवाज आला. शिंप्याचा जीव भांड्यात पडला.

"सुटली वाटतं गाठ," लेक म्हणाली. जरा वेळाने तिने विचारलं, "भोक ठेवायचं कसं सुचलं तुम्हाला?"

तो सुईत दोरा ओवत राहिला.

"तुझ्या वेळी तुझ्या आईला अशीच शिवून दिली होती. भोक नव्हतं ठेवलं." दोरा काही केल्या ओवला जाईना. "तिने तीन दिवस लावली. कशी आहे विचारलं की म्हणायची, तुमच्या हातची आहे, छानच असणार. चौथ्या दिवशी मी धुवायला घेतली, तर कापड रक्ताने कडक झालेलं."

आत बाळ तेवढं दूध पीत होतं. मग पडदा हलला आणि पिशवी धरलेला लेकीचा हात बाहेर आला.

"बाबा, हिची बाहेरची कड टोचते."

"फार?"

"हो. काखेत लागते."

शिंप्याने पिशवी दोन्ही हातांनी घेतली. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि आपलीच दुहेरी टीप तो एकेक टाका करून उसवू लागला.