चारशे तेरावा संदर्भ

हेमांगी तुळपुळेंनी काळ्या पावडरीची चिमूट तिसऱ्यांदा काट्यावर ठेवली. तिच्यावर सोडायचा कार्बन डायऑक्साइड या वेळी आधी नीट कोरडा करून घेतला होता. पावडरीचं वजन वाढलं, पण त्यांच्या शोधनिबंधात छापलेल्या आकड्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. म्हणजे नऊ वर्षांपूर्वी ही बया वायू पीत नव्हतीच, वायूतली ओल पीत होती! आणि त्याच आकड्यावर हेमांगीताई प्राध्यापक झाल्या होत्या.

निबंधावर विभागप्रमुखांचंही नाव होतं. हे ऐकताच ते ताडकन उठले.

"पुढच्या महिन्यात मूल्यांकन समिती येतेय! चारशे बारा निबंधांनी आपला संदर्भ दिलाय, मॅडम. ते सगळे मूर्ख?"

"संदर्भ चारशे बारा जणांनी दिला, सर. पुन्हा मोजून एकानंही पाहिलं नाही."

"मग तुम्हालाच आत्ता कुठून उपरती झाली?"

हेमांगीताईंनी नांदेडहून आलेलं पत्र पुढे सरकवलं. करुणा हटकर नावाच्या विद्यार्थिनीनं लिहिलं होतं, 'दोन वर्षं मोजतेय. तुमच्या आकड्याचा तिसरा हिस्साच येतो. गाइड म्हणतात, माझाच हात वाईट. मी पीएचडी सोडतेय.'

"एका पोरीसाठी पायावर धोंडा पाडून घेणार?"

"पाय माझा आहे, सर. तुम्ही तुमचा बाजूला घ्या."

दुरुस्तीचं पत्र त्यांनी एकटीच्या सहीनं नियतकालिकाकडे धाडलं आणि लगेच नांदेडला फोन लावला.

"करुणा, तुझा आकडा बरोबर आहे, माझा चुकला. आता तुझा छाप. त्यात माझा संदर्भ दे. चूक म्हणूनच दे."