आवाजी मतदान

गजालाने लॅपटॉप ओसरीतल्या बाजेवर ठेवला. लाईट गेलेली होती, पण बॅटरी तासभर टिकली असती. समोर लीलाबाई बसल्या होत्या आणि जरा लांब, दाराशी, त्यांचा धाकटा भाऊ देवमन. लीलाबाईंचे यजमान, खासदार देवीदासजी, वारल्यापासून तो आज पहिल्यांदा बहिणीकडे आला होता. पायातल्या चपला मात्र त्याने काढल्या नव्हत्या.

"काकू, आधीच सांगते," गजाला म्हणाली. ती अमरावतीच्या एका छोट्या संस्थेत होती. खासदार किती दिवस हजर होता, काय बोलला, कुठल्या कायद्याला हो म्हणाला, कुठल्याला नाही, हे शोधून लोकांना सांगायचं, हा त्यांचा उद्योग. "देवीदासजींची भाषणं मिळाली. त्या दिवशी ते संसदेत होते, हजेरीची सही आहे. पण बियाण्याच्या कायद्यावर त्यांनी मत काय दिलं, त्याची नोंदच नाही."

"नोंद नाई म्हंजे?" लीलाबाई म्हणाल्या. "खासदार होते ना थे!"

"आवाजी मतदान झालं. अध्यक्ष विचारतात, बाजूचे हां म्हणा, विरोधातले ना म्हणा. ज्यांचा आवाज मोठा, ते जिंकले. कोणी उठून मोजणी मागितली असती, तर एकेकाचं मत नावानिशी लागलं असतं. कोणीच मागितली नाही."

देवमन हसला. ते हसणं काही बरं नव्हतं. "आमच्या ग्रामपंचायतीत हात तरी वर करा लागते."

त्याचं दुखणं साधं होतं. बियाणं उगवलं नाही तरी कंपनीला भरपाई द्यावी लागू नये, असा तो कायदा. त्याला नाही म्हणेन, असा शब्द देवीदासजींनी कौंडण्यपूरच्या जत्रेत भर सभेत दिला होता, आणि तो शब्द घेऊन देवमन मतांसाठी दारोदार फिरला होता. कायदा झाला. पुढच्या पेरणीला गावभर बियाणं मातीतच कुजलं, कंपनीने हात वर केले आणि लोकांनी देवमनला धरलं. देवीदासजी बायकोला एवढंच म्हणाले की मी तर 'नाही' असंच म्हटलं होतं. त्याच वर्षी ते वारले. देवमनने खांदा दिला नाही, की नंतर भाऊबीजेला आला नाही. पुरावा दाखवला की भाऊ परत येईल, म्हणून लीलाबाईंनीच गजालाला शोधून काढलं होतं.

"त्या दिवसाचं रेकॉर्डिंग आणलंय," गजाला म्हणाली. "पण कॅमेरा अध्यक्षांवरच आहे. बाकी नुसते आवाज."

तिने ते लावलं. मोठा गलका झाला आणि विरला. त्यामागून एक छोटा गलका झाला, तोही विरला. कायदा झाला होता.

"मले तर बजार आइकू आला," देवमन म्हणाला. मग तो बहिणीकडे वळला. त्याचा आवाज उतरला होता. "तू आईक, बाई. जनमभर आयकला तू त्यायचा आवाज. तू सांगशीन थे मी मानतो. नाई म्हनले असतीन, तर आत्ता इथं जेवून जातो."

आत चुलीवर वांग्याची भाजी होती. ती त्याच भरवशावर केली होती.

गजालाने पुन्हा लावलं. "जो पक्ष में हैं, वे हां कहें." शेकडो माणसं एकदम हां म्हणाली. गोंगाट खाली बसला. सगळे थांबल्यावर, अगदी शेवटी, एक सावकाश आवाज आला. "हाव."

लीलाबाईंनी तो लगेच ओळखला. देवीदासजींची ही खोडच होती. अजून वाढू का, असं विचारलं की आधी ताटाकडे बघायचे, मग हाव म्हणायचे. दिल्लीला जाऊनही त्या वऱ्हाडी हावचं हां झालं नव्हतं. मेलेला माणूस भर दुपारी आपल्याच ओसरीत बोलला, आणि लीलाबाईंना आधी आनंद झाला. त्या आनंदाची त्यांना लगेच लाज वाटली.

"जो विरोध में हैं, वे ना कहें." थोडेच आवाज होते. लीलाबाईंनी एकेक चाचपून पाहिला. शेवटचा विरल्यावरही त्या थांबल्या, कारण त्यांचं माणूस उशिराच बोलायचं. पण पुढे काहीच नव्हतं.

"सापडले?" देवमनने विचारलं. तो चपला काढून आत सरकला होता.

एका शब्दाचं खोटं पुरलं असतं. ते गजालाने पकडलं नसतं, दिल्लीनेही पकडलं नसतं.

"हाव," लीलाबाई म्हणाल्या. "हां वाल्यायमंधी."

 देवमन उठला, चपला घातल्या आणि दारातूनच म्हणाला, "खोटं काहून नाई बोलली वो बाई? मी मानलं असतं ना."

तो गेला. अंगण ओलांडताना त्याने मागे वळून पाहिलं नाही. गजाला म्हणाली, "काकू, मी 'नोंद नाही' असंच लिहीन. ते खोटंही नाही."

"लिही बापा तुले काय लिहाचं थे," लीलाबाई म्हणाल्या. "पन माय, थे अजून एकडाव लाव."

गजालाने लावलं. मग आणखी एकदा लावलं. बॅटरी संपत आली होती, पण नाही म्हणायचा तिला धीर झाला नाही. अध्यक्षांनी परत विचारलं, "जो पक्ष में हैं..." आणि लीलाबाई पडद्यापाशी वाकल्या. जेवायला बसलेल्या माणसाच्या कानाशी बोलावं, तशा हळूच म्हणाल्या,

"नाई म्हना जी."