बिनमहत्त्वाची यादी

राउटरचा प्रोसेसर सकाळपासून अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर धापा टाकत होता. इंजिनिअरने वर्षभराच्या नोंदी काढल्या आणि ज्या यंत्रांचे संदेश क्वचितच येतात, ती सगळी बिनमहत्त्वाच्या यादीत टाकून त्यांची वाट जवळजवळ बंद केली.

वॉचमनकाका त्याच्या खांद्यावरून यादी वाचत होते. "साहेब, यात आपलं पोलिसांना बोलवायचं बटणही गेलं की!"

"काका, वर्षात एकदा तरी दाबलंत का ते? राउटर मेला तर अख्खी कंपनी बसेल."

दुपारी, कामावरून काढलेला फिटर लोखंडी सळई घेऊन आत घुसला. त्याने काकांचा हात मोडला, काचेचा दरवाजा फोडला आणि पहिला घाव इंजिनिअरच्या खांद्यावर घातला. इंजिनिअर टेबलाखाली कोसळला आणि रक्ताळलेल्या अंगठ्याने तिथलं लाल बटण दाबत सुटला. सळई पुन्हा वर गेली.

 

टेबलावरच्या स्क्रीनवर राउटर अगदी निवांत दिसत होता. प्रोसेसर नऊ टक्के. अडवलेले बिनमहत्त्वाचे संदेश पंधरा... सोळा... सतरा.