पुतळ्याचं उत्तर

"बाई, मी आता तुमचं अंग पुसते. चालेल ना?" कोमट पाण्याचं भांडं टेकवत तमन्नाने विचारलं, आणि खुब्याचं हाड मोडून खाटेवर पडलेल्या नेवसेबाईंवर त्यांचाच धडा उलटला.

शाळेत आरोग्यसेवेचा विषय त्याच शिकवायच्या. वर्गात प्लास्टिकचा पुतळा होता. अंग पुसण्याआधी त्याला विचारायचंच, असा बाईंचा दंडक होता. विचारताना तमन्ना फिसकन हसली, म्हणून त्यांनी तिचे दोन गुण कापले होते. पुतळ्याच्या वतीने जाड आवाजात "हो, चालेल" म्हणायचं कामही बाईंनी स्वतःकडेच घेतलं होतं. बारा वर्षांत तो एकदाही नाही म्हणाला नव्हता.

आता हीच दहावीतली पोरगी प्रशिक्षणासाठी या दवाखान्यात आली होती, आणि तिच्यासमोर गाऊन काढायचा म्हणजे बाईंच्या अगदी जिवावर आलं.

"नाही चालणार," त्या म्हणाल्या. यापुढे काय करायचं हे आपण कधी शिकवलंच नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. वर उत्कृष्ट शिक्षिका म्हणून बक्षिसाची ढालही त्या घेऊन मोकळ्या झाल्या होत्या.

तमन्ना क्षणभर गोंधळली. मग तिने स्टूल ओढलं आणि बसली. "बरं. तुम्ही म्हणाल तेव्हा. पाणी गार झालं तर दुसरं आणते."

तिने दोनदा पाणी बदललं, पण पुन्हा विचारलं नाही. तिसऱ्यांदा भांडं उचलायला ती वाकली, तेव्हा बाईंनी घसा खाकरला आणि पुतळ्याच्या त्या जाड आवाजात सांगितलं, "हो, चालेल."