आईचं 'बरोबर'

"नापास," कल्पिता म्हणाली. मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला आणि पुन्हा कोलंबी सोलायला लागली.

वनमालाच्या हातात जर्मनचं पुस्तक तसंच उघडं राहिलं. विक्रोळीच्या त्या खोलीत दोघीच राहायच्या, माय आणि लेक. कल्पिता नर्स. जर्मनची परीक्षा पास झाली असती तर गणपतीनंतर जर्मनीतल्या हॉस्पिटलात रुजू होणार होती. आता ती जागा दुसऱ्या कुणाला.

लहानपणी वनमाला तिचे पाढे घ्यायची, तशी हल्ली रोज संध्याकाळी जर्मन घ्यायची. अर्थ कळत नसे, पण इंग्रजी अक्षरं वाचता येत होती आणि उत्तरं मागच्या पानांवर छापलेली होती. त्यातली काही पुल्लिंगी नामं, कल्पिता सांगायची, भारी नाटकी. वाक्यात स्वतः काही करत असली की ताठ. दुसऱ्या कुणी त्यांना काही दिलं, काही केलं, की लगेच शेवटी 'न' जोडायचा.

"आपले पुरुष तरी काय वेगळे गं?" वनमाला म्हणाली होती. "घरात ताठ, साहेबासमोर शेपूट."

दोघी खूप हसल्या होत्या. हसता हसता कल्पिता 'पेशंटला' म्हणताना तो 'न' विसरली. वनमालाने मागचं पान काढलं. तिथे 'न' होता. तिने लेकीच्या वाकलेल्या मानेकडे पाहिलं, आणि म्हणाली, "बरोबर."

त्या संध्याकाळपासून बरंच काही बरोबर होत गेलं.

आता तिला हायसं वाटायला हवं होतं. पोर इथेच राहिली. पण तिचं बोट पुस्तकाच्या मागच्या पानांवरच घुटमळत राहिलं.

"पुन्हा बस परीक्षेला," ती पुटपुटली. "ह्या वेळी मी नीट घेईन."

कल्पिताने कोलंबीच्या पाठीतला काळा धागा ओढला. "आई, सतराच्या पाढ्यात माझी एक चूक सोडली नाहीस कधी. कान लाल करायचीस. आणि जर्मनमध्ये मी एकदाही चुकले नाही? एवढी हुशार कधी झाले गं मी?"

वनमालाने पुस्तक मिटलं. "म्हणजे तुला..."

"मग काय! जर्मनच्या क्लासमध्ये सगळं नीटच लिहायचे ना."

"आणि पेपरात?"

कल्पिताने वर पाहिलं नाही. "पेपरात तुझं 'बरोबर' लिहून आले."